वाण आणायला गेलेली मुलगी

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला माझ्या दहा वर्षांच्या लेकीची बिल्डिंगभर शोभा झाली. गोड बोलायचा सण म्हणे!

तिचं लक्ष टिकत नाही. एका दमात तीन कामं सांगितली की दुसऱ्यापर्यंत पहिलं गळून जातं. गोरेगावच्या डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं होतं: हा आळस नाही, माज नाही. उठता-बसता बोलणी खाऊन मूल शेवटी आधीच 'नाही' म्हणायला शिकतं, आणि मग सगळ्यांना तेवढं 'नाही'च दिसतं. मी घरी येऊन सासूबाईंना हे सगळं सांगितलं. "आमच्या वेळी असली दुखणी नव्हती, एक धपाटा पुरायचा," त्या म्हणाल्या. विषय संपला.

त्या दिवशी हॉल बायकांनी भरला होता. सासूबाई लेकीला म्हणाल्या, "आतून वाणाच्या वाट्या आण, अत्तरदाणी आण आणि येताना गॅस बंद कर गं." ती गेली ती गेलीच. बायका ताटकळल्या. शेवटी सासूबाईंनी हाक मारली तेव्हा ती रिकाम्या हातांनी दारात येऊन उभी राहिली.

"वाण कुठाय?"

तिने सगळ्यांकडे पाहिलं. "नाही आणलं. मुद्दाम नाही आणलं."

"हल्लीची मुलं ना, बापरे," शेजारीण म्हणाली. तिच्या आवाजात कोण आनंद! सासूबाईंनी लगेच घरचं औषध काढलं. "एकेकीच्या पाया पड. माफी माग."

लेक पळाली. मी मागोमाग आत गेले. पलंगावर तिने वाट्यांतले हलव्याचे दाणे काढून लहान-मोठे असे वेगळे लावले होते. वाट्या शेजारीच होत्या.

"विसरलीस ना? मग मुद्दाम का म्हणालीस?"

"विसरले म्हटलं की सगळे हसतात. येडी म्हणतात. मुद्दाम म्हटलं की फक्त ओरडतात."

मला संताप आला. दहा वर्षांच्या पोरीला एवढा हिशोब करावा लागतो?

"येतेय ना ती पाया पडायला?" बाहेरून सासूबाईंचा आवाज आला.

मी दारात गेले. "नाही येणार, आई. मी पाठवणार नाहीये."

तेव्हापासून आमच्या बोरिवलीच्या बिल्डिंगमध्ये आम्ही दोघी उद्धट आहोत. मला कुणी हळदीकुंकवाला बोलावत नाही. बोलावलं तरी मी जाणार नाही.