लोहचुंबकाची परीक्षा

छोट्या छेदातून गुडघ्याचा सांधा बदलताना लागणारी अरुंद छिन्नी मी आमच्या वर्कशॉपात बनवली. लोहाराच्या घरातला पहिला इंजिनिअर मी. दाखवायला नेली, तर कोल्हापुरातल्या सर्जिकल दुकानदारानं स्टीलचं भांडं पारखावं तसं तिला लोहचुंबक लावलं. चिकटलं. "लोखंड हाय की पावणं. विळं करा जावा," म्हणत तो गिऱ्हाइकांसमोर हसला. धारेचं कडक स्टील चुंबकाला चिकटतंच, हे त्यानं ऐकूनच घेतलं नाही.

काही वर्षांनी त्याचाच गुडघा बदलला, डॉक्टरांनी थेट माझ्याकडून घेतलेल्या छिन्नीनं. मी तसलीच एक छिन्नी आणि लोहचुंबक घेऊन दवाखान्यात गेलो. त्याच्या बायकोमुलांसमोर लोहचुंबक छिन्नीला चिकटवून दाखवलं.

"असल्याच विळ्यानं तुमचं हाड तासलंय, शेठ."

त्यानं तोंड फिरवलं. त्याच्या बायकोनं दिलेला चहा संपेपर्यंत मी उठलो नाही.