कोपऱ्यातली दोन अक्षरं

त्रिवेणी कल्याणरावांच्या नजरेत भरली ती एका प्रश्नामुळं. बोरीच्या वाचनालयात मदतनीस म्हणून ती रुजू झाली त्या सोमवारी जिंतूरहून सकाळच्या एसटीनं आली, दारात चपला काढल्या, नाव सांगितलं, आणि टेबलावरच्या जुनाट संगणकाकडे बघून म्हणाली, "काका, ह्याच्यात लिनक्स हाय का?"

कल्याणराव तिथले ग्रंथपाल. हा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून ते अकरा वर्षं थांबले होते. देणगीत आलेले ते तीन संगणक भंगारात जायचे, तर यांनी एका मासिकाबरोबर मिळालेली सीडी घालून त्यांत लिनक्स ही फुकटात मिळणारी संगणकप्रणाली बसवली आणि ते पुन्हा चालते केले. इंग्रजी बेताचं, म्हणून सगळे हुकूम दोनशे पानी वहीत देवनागरीत उतरवून घेतले. 'सुडो ॲप्ट अपडेट' असं त्यात पहिल्याच पानावर होतं, वर हळदीकुंकवाचं बोट. गाव त्याला कल्याणरावांचा मंतर म्हणायचं. कुणाचा प्रिंटर अडला, कुणाचा मोबाइल गोठला, की निरोप यांनाच यायचा.

आणि शेवटी विचारलं कुणी, तर जिला उत्तर आधीच ठाऊक होतं अशा सव्वीस वर्षांच्या पोरीनं.

"हाय की," ते म्हणाले. "तुला काय करायचंय?"

त्रिवेणीला पुष्कळ काही करता येत होतं, हे पंधरा दिवसांत कळलं. तिला वही लागत नसे. पीकविम्याचा अर्ज भरायला आलेली माणसं दारातूनच विचारू लागली, "मॅडम हायेत का?" नसल्या तर परत जाऊ लागली. समोर कल्याणराव बसलेले असले तरी. चहावाला पहिला कप तिच्यापुढं ठेवू लागला. आयुष्यभर वाचनालयात राबून कल्याणरावांना कुणी सर म्हटलं नव्हतं, आणि ही महिन्याच्या आत मॅडम झाली होती.

तिचा स्वभाव वाईट असता तर बरं झालं असतं. तसं काहीच नव्हतं. वयस्क माणसाला ती स्वतःची खुर्ची द्यायची, अर्ज भरताना बायकांना त्यांचं नाव आधी मोठ्यानं वाचून दाखवायची. कल्याणराव घरी आले की बायकोला, भागम्माला सांगायचे, "आज ती डब्यात तिळाची चटणी आणलीती. मला बी दिली."

"मग चांगलंच हाय की."

"चांगलं काय त्यात? गोड बोलून आत शिरायलीय."

भागम्मा भाकरी थापता थापता हसायची. आपला हेवा ते तिला दिसू देत नसत, पण तिला सगळं दिसायचं.

एक गोष्ट मात्र कल्याणरावांनी सोडली नव्हती. मोठ्या संगणकाचा पासवर्ड. त्यात नऊ हजार पुस्तकांची यादी होती, त्यांनी एका बोटानं, चार वर्षं खपून मराठीत उतरवलेली. त्रिवेणीनं एकदा पासवर्ड विचारला तेव्हा ते म्हणाले होते, "लागंल तवा देऊ."

श्रावणात पत्र आलं, की मंगळवारी वाचनालयाची तपासणी आहे आणि यादी संगणकावर दाखवायची आहे. कल्याणरावांनी मनाशी ठरवलं. शनिवारी त्रिवेणीची रजा होती. त्या दिवशी त्यांनी एकट्यानं लिनक्सची नवी आवृत्ती चढवायला घेतली. सोमवारी ती आली की नवा कोरा पडदा बघून बोट तोंडात घालील, असं त्यांना वाटत होतं. दुपारभर पडद्यावरची रेघ पुढं सरकत राहिली. चार वाजता संगणक बंद होऊन चालू झाला, निळंशार चित्र आलं, मधोमध कल्याणराव हे नाव, आणि वर उजव्या कोपऱ्यात एम आणि आर ही दोन बारकी अक्षरं.

मिस्टर! कल्याणरावांनी ते दोनदा वाचलं. त्यांना बरं वाटलं. लय बरं वाटलं.

मग त्यांनी पासवर्ड टाकला. चुकीचा आहे, असं उत्तर आलं. पुन्हा टाकला. मग एकेक बटण बघून, सावकाश. चुकीचा. भागम्माचं नाव आणि लग्नाचं साल, यात चुकण्यासारखं काही नव्हतं. वही उघडून त्यांनी संगणक दुरुस्तीच्या काळ्या पडद्यावर सुरू केला, तिथं नवा पासवर्ड दिला. तिथं संगणकानं तो मुकाट्यानं घेतला. परत निळ्या पडद्यावर आले, तर चुकीचा. रविवारी पुन्हा तेच. नऊ हजार पुस्तकं आत होती आणि ते बाहेर.

सोमवारी अध्यक्ष माणिकराव तयारी बघायला लवकर आले. "दाखवा यादी," म्हणाले.

"मशीन रुसलंय," कल्याणराव म्हणाले. आणि मग, कसं कोण जाणे, तोंडातून निघून गेलं, "ती त्रिवेणी काई तरी दाबली असंल."

तेवढ्यात एसटी येऊन गेली होती. त्रिवेणी दारात चपला काढत होती.

"काय गं त्रिवेणी, मोठ्या मशीनला हात लावलीस का तू?" माणिकरावांनी विचारलं.

"मी कशी लावीन, मामा? काका मला पासवर्डच दिले न्हाईत अजून."

माणिकरावांनी कल्याणरावांकडे पाहिलं. कल्याणराव भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहू लागले.

त्रिवेणीनं पर्स ठेवली आणि पडद्यासमोर वाकली. "काका, अपडेट कुणी केलं?"

कल्याणरावांनी घसा साफ केला. "मीच केलो. शनवारी. तू नसताना." मग माणिकरावांकडे न बघता म्हणाले, "हिचा काई संबंध न्हाई. मी उगंच बोललो."

त्रिवेणी पडदा बघत राहिली. "हे वर कोपऱ्यात कामून आलंय? एम, आर?"

"मिस्टर हाय ते," कल्याणराव म्हणाले. "नव्या अपडेटमंदी नावाला मिस्टर लावायलेत."

त्रिवेणीनं त्यांच्याकडे पाहिलं. ओठ दाबून धरले, पण हसू आलंच. "मिस्टर न्हाई हो काका. मराठी हाय ते! तुमी यादीसाठी मराठी कीबोर्ड घातलाता न्हवं, अपडेटनंतर तो पहिला झालाय. तुमी इंग्रजी पासवर्ड टाकायलाव अन् मशीन मराठी अक्षरं घ्यायलंय. नुसते ठिपकेच दिसतेत, मग कळंल कसं?" तिनं त्या अक्षरांवर टिचकी दिली, खाली इंग्रजी निवडलं आणि उठून तोंड खिडकीकडे केलं. "हां, टाका आता. मी बघत न्हाई."

कल्याणरावांनी टाकला. यादी उघडली, पहिल्या पुस्तकापासून.

"मिस्टर कल्याणराव!" माणिकराव टेबलावर थाप मारून हसले. "दोन दिवस मशीननं मान काय दिला, मालक घराबाहेरच!"

संध्याकाळपर्यंत ते बसस्टँडवर पोचलं होतं. चहावाल्यानं त्या दिवशी पहिला कप कल्याणरावांपुढं ठेवला आणि म्हणाला, "घ्या मिस्टर."

पाच वाजता त्रिवेणी निघाली तेव्हा त्यांनी वहीच्या मागच्या पानाचा तुकडा फाडला, त्यावर पासवर्ड लिहिला आणि तिच्या हातात दिला. तिनं वाचून विचारलं, "भागम्मा म्हंजे काकू का?"

"हां. जा आता, गाडी जाईल."

हेवा गेला असं मात्र नाही. तपासणीच्या दिवशी साहेबांनी यादीत पुस्तक कसं शोधायचं ते त्रिवेणीला विचारलं, तेव्हा कल्याणरावांनी आपली खुर्ची पुढं ओढली. घरी जाऊन त्यांनी भागम्माला सांगितलं, की ती लय फडाफडा बोलली. भागम्मा म्हणाली, "जेवा मिस्टर."

पुढच्या जूनमध्ये ते निवृत्त झाले. आता रोज अकराला पेपर वाचायला येतात आणि खिडकीजवळ बसतात. त्रिवेणी बोरीच्या वाचनालयाची ग्रंथपाल आहे. जिंतूरहून सकाळच्या एसटीनं येते आणि साडेनऊला कुलूप उघडते.