वेळेवर न येणाऱ्या माणसासाठी प्रार्थना

केमिकल कंपनीत एक नियम असतो: पुढच्या शिफ्टचा माणूस समोर येऊन उभा राहिल्याशिवाय आपण जागा सोडायची नाही. रिअ‍ॅक्टर तापलेला असतो, त्याला घड्याळ कळत नाही. नव्वदच्या दशकात महाडच्या एमआयडीसीत ऑपरेटर म्हणून लागलो तेव्हा हा नियम मला फार आवडला होता. पुढे त्यानेच माझं रक्त आटवलं, कारण मला सोडवायला जो माणूस यायचा तो वेळेवर म्हणून कधी यायचा नाही.

तो जवळच्या तुडील गावचा. काही वर्षं आखातात काढून परत आलेला, आमच्याकडे टेंपररी. माणूस मोकळा, कामाला चोख. पण घरून निघाला की वाटेत भेटेल त्याच्याशी गप्पा मारत, टपरीवर चहा घेत निवांत यायचा. कारणं मात्र रोज नवी. "सावित्रीला पाणी चढलंय रे," असं त्याने एकदा भर एप्रिलमध्ये, नदी आटलेली असताना सांगितलं. मी हसलो. म्हणालो, "हरकत नाही, भाऊ."

हे "हरकत नाही" म्हणजे माझं ख्रिस्तीपण, अशी माझी समजूत होती. आमचे वडील नगरकडे सुतारकाम करत. ते म्हणायचे, मालक हात बघतो, प्रभू मन बघतो. मी हात चोख ठेवला, तोंड गोड ठेवलं, आणि मनाचं पुढे बघू म्हणून सोडून दिलं. त्या मनात काय शिजत होतं ते मलाच ठाऊक. गेटकडे बघून बघून डोळे दुखायचे, तळपायाची आग मस्तकात जायची. मनातल्या मनात मी त्याला इतकं बोललो होतो की तोंडाने बोलायला काही उरलंच नव्हतं. घरी जेवायला बसलो की बायको म्हणायची, "भाकरी मोडा हो, तिचा सूड घेऊ नका."

महाड-पोलादपूरकडे आमच्या ख्रिस्ती मंडळीची घरं बोटांवर मोजण्याइतकी. महिन्यातून एकदा पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, लांबून एसटीने येत आणि पोलादपूरला दवाखान्यातल्या सिस्टरच्या क्वार्टरमध्ये उपासना होई. प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीची भाकर आणि द्राक्षरस, त्याच दिवशी. शेवटी प्रत्येकाने प्रार्थनेचा विषय सांगायचा: कोणाची नोकरी, कोणाचं आजारपण. एकदा मी चिडून सांगून बसलो, "माझा रिलिव्हर वेळेवर यावा म्हणून प्रार्थना करा." सगळे हसले. सिस्टरची म्हातारी आई मात्र हसली नाही. तिने डोळे मिटले आणि तुडीलच्या त्या अनोळखी माणसाला देवापुढे उभं केलं. त्याची वाट सुखरूप ठेव, त्याच्या घरात दुखणं असेल तर बरं कर, त्याला झोप पुरी लागू दे. वेळेचं तिने नावही काढलं नाही. मला रागच आला. तेव्हापासून दर महिन्याला ती विचारायची, "आपले ते भाऊ बरे आहेत ना?"

आपले, म्हणे!

मग एका डिसेंबरात सुपरवायझरसाहेबांनी मला बाजूला घेतलं. टेंपररी माणसांतल्या काहींना कायम करायचं होतं, बाकीच्यांना घरी. "तुला सोडवायला तो तुडीलवाला येतो. वेळ पाळतो का, ते सोमवारी सकाळी सांग. तू काही खोटं बोलणारा नाहीस." म्हणजे माझ्या एका शब्दावर त्याची नोकरी होती. आणि शब्द खरा होता! खोटी साक्ष नाही, चहाडी नाही, विचारल्यावर दिलेलं सरळ उत्तर. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या, आणि त्याच दिवसापासून मला अन्न जाईना.

रविवारी माझी रात्रपाळी संपली तरी त्याचा पत्ता नाही. तो आल्यावर धावतपळत पोलादपूरला पोचलो, तर पाळकसाहेब पिशवी घेऊन स्टँडकडे निघालेले आणि सिस्टर प्रभुभोजनाचे पेले विसळत होती. मी दारातच थांबलो. रडू येईल इतका संताप आला होता. उद्या दाखवतो त्याला, असं मी मनात म्हणालो, तेही उपासनेच्या खोलीत. तेवढ्यात म्हातारी आतून दोन डबे घेऊन आली. नाताळच्या करंज्या होत्या.

"बंधू, हा तुमच्या घरी. आणि हा त्या भाऊंना. सांगा, एक म्हातारी रोज आठवण काढते."

परतीच्या एसटीत मी तो डबा सीटवर ठेवला, पुन्हा मांडीवर घेतला, पुन्हा ठेवला. उद्या त्याला करंजी द्यायची आणि तासाभराने त्याच्या पोटावर पाय आणायचा, हे जमायचं कसं? बरं, न द्यावा तर म्हातारी पुढच्या महिन्यात विचारणारच. दिवसभर डोळ्याला डोळा लागला नाही. बायकोला म्हटलं, "मी खरं तेच सांगणार आहे." ती म्हणाली, "मग आधी त्याच्या तोंडावर सांगा की." मला ते पूर्वीही सुचलं होतं, पण भांडणारा ख्रिस्ती मला व्हायचं नव्हतं.

रात्री डबा घेऊन पुन्हा पाळीवर गेलो आणि सोमवारी सकाळी तो उशिरा आला, हसत हसत. "टायर बसला रे भाऊ..."

"टायर नाही बसला, तू बसलास! टपरीवर!" मी ओरडलो. माझाच आवाज मला ओळखू येईना. "माझी उपासना बुडते, झोप बुडते. मला तुझा राग येतो. रोज येतो."

तो हसायचा थांबला. "मंग इतके दिवस बोलला का नाय रे? मी समजलो, तुला घरी जायची घाई नाय. तुझ्या सुट्टीला तो दुसरा असतो, त्याच्या टायमाला मी बरोबर हजर. तो शिव्या घालतो ना!"

 एवढं बोललो होतो, आता थांबता येईना. साहेबांनी विचारलंय, आज उत्तर द्यायचंय, आणि ते काय द्यायचं हे मी कधीच ठरवून ठेवलंय, सगळं सांगून टाकलं. डबा पुढे केला, म्हातारीचा निरोपही सांगितला. त्याने डबा घेतला, पण उघडला नाही.

"म्हंजे माझ्या पोटावर उठला होतास," तो हळूच म्हणाला, "आन् तोंडावर हसत होतास? शिवी दिली असतीस तर चाललं असतं रे."

साहेबांना मी सांगितलं, "उशिरा येतो. पण मी त्याला आजवर एकदाही बोललो नव्हतो, आज बोललो. काम चोख आहे." साहेबांनी कपाळाला आठी घातली आणि आणखी काही महिने त्याला बघायचं ठरवलं. त्या काही महिन्यांत तो एकदाही उशिरा आला नाही. मग कायम झाला.

पुढे बरीच वर्षं तोच मला सोडवायला येत राहिला, अगदी वेळेवर. थापा मारणं बंद झालं. मला त्या थापांची आठवण यायची, खोटं कशाला बोलू. त्याला येताना बघून मी हसलो की तो हेल्मेट काढता काढता थांबायचा, माझ्या तोंडाकडे नीट निरखून बघायचा आणि विचारायचा, "खरं हाय ना रे?"

मी लगेच हो म्हणत नसे. आधी आत बघून यावं लागे.