घोडीचं पाणी

लग्न होऊन मी या गावात आले तेव्हा दारात गाय असेल, म्हैस असेल असं धरून चालले होते. दारात घोडी होती. चाकूरच्या रस्त्यापासून बरंच आत पडलेलं गाव, सासऱ्यांचं किराणा दुकान, आणि बाजाराच्या दिवशी गूळ, मीठ, तेलाचे डबे वाहून आणायला ही घोडी. तांबूस, ठेंगणी, पोट जरा सुटलेलं. माझे मालक तिच्याकडं ज्या नजरेनं बघायचे तसे माझ्याकडं बघत नव्हते, हे मी पहिल्याच आठवड्यात ओळखलं. फार वाईट वाटलं असं नाही, पण लक्षात मात्र ठेवलं.

लातूर नवा जिल्हा झाला आणि आमच्या भागात रस्त्यांची कामं निघाली. गावच्या रस्त्याचं काम घेणारा गुत्तेदार खडी घेऊन आला, रोलर घेऊन आला आणि डांबराची पिंपं घेऊन आला. आम्ही त्यांना टिपाडं म्हणतो. रिकामी टिपाडं माळावर पडून राहायची, आणि रिकामी वस्तू दिसली की आमच्या गावच्या पुरुषांना काहीतरी सुचतंच. तीन टिपाडं तिकोनात उभी करायची, घोडं भरधाव नेऊन एकेकाला वळसा घालायचा आणि निघाल्या जागी परत यायचं. टिपाड पडलं की गडी बाद. महाशिवरात्रीच्या जत्रेत कुस्त्या झाल्या की ही शर्यत लागायला लागली. शाळेचे हेडमास्तर सेकंदाचा काटा असलेलं घड्याळ घेऊन उभे राहायचे आणि त्या दिवशी कुणाशी नीट बोलायचे नाहीत.

शर्यतीतला एकही घोडा शर्यतीचा नव्हता. लातूर रोड स्टेशनवर टांगा हाकणारे एक चाचा यायचे. त्यांचा घोडा टिपाडाला एवढा लांबून वळायचा की मागं टांगा जुंपलेलाच आहे असं त्याला वाटत असावं. पाटलांच्या मुलाचा घोडा वरातीचा. हलगी वाजली की पळायचं सोडून नाचायला लागायचा, म्हणून त्याच्या पाळीला हलगीवाल्यांना हात जोडून गप्प बसवावं लागे. जनावरांच्या दवाखान्यातला कंपाउंडर मागून आणलेल्या तट्टावर बसायचा. आणि आमचे किराणा दुकानदार. दुकानात गिऱ्हाईक थांबलंय आणि हे माळावर, असं कितीदा तरी झालं. आप्पा म्हणजे सासरे पूजा आटोपून, भस्म लावून गल्ल्यावर बसायचे ते पोराच्या नावानं बोटं मोडतच.

आमची घोडी पहिल्यांदा टिपाडाच्या जवळ जाईना. डांबराच्या वासाला बुजायची. मग मालकांनी युक्ती केली. टिपाडाच्या मागं तिला दिसेल असं पाण्याचं घमेलं ठेवायचं. टिपाडाला अंग घासून वळली की दोन घोट पाणी. पंधरवड्यात ती अशी वळायला लागली की बघणाऱ्यानं तोंडात बोट घालावं. सगळी टिपाडं झाली की शेवटी पोटभर. पहिल्याच वर्षी शर्यत जिंकली. नारळ, फेटा, आणि मग दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तीच कथा. मीसुद्धा दाराआडून ऐकायची. तेव्हा हौस वाटायची मलाही.

मग पाऊस गेला. एक वर्ष गेला, दुसऱ्या वर्षी नुसती धूळ बसेल एवढा येऊन गेला. गावातली विहीर तळाला लागली. टँकर यायचा तेव्हा यायचा. त्याचं पाणी घराघरापुढच्या टिपाडात ओतून जायचा, आणि ते पाणी माणसांना पुरतापुरता नाकी नऊ यायचे. बाकीचं पाणी नदीतून. नदी म्हणजे वाळू. त्या वाळूत खोल खड्डा खणून झिरा केलेला, त्यात वाटी-वाटीनं पाणी साचायचं आणि आम्ही बायका नंबर लावून ते घागरीत भरायचो. माणसाला घागर पुरते. घोडीला पुरत नाही. घोडी सगळं ओढून घ्यायची, रिकाम्या बादलीला नाक लावून फुरफुरायची आणि माझ्याकडं बघायची. मला तिचा राग यायचा. खरं सांगते, रोज यायचा. डोक्यावर घागर, काखेत कळशी, पायाखाली तापलेली वाळू, आणि घरी माझी वाट बघणारी कोण, तर ही. मालक दुकानाच्या फळीवर बसून विचारायचे, "पाजलंस का तिला?" मला, तू प्यायलीस का, असं काही कुणी विचारल्याचं आठवत नाही.

दुसऱ्या उन्हाळ्याच्या तोंडाला कडबा संपला. विकत मिळेना. आप्पांच्या ओळखीचे अर्धापूरकडचे एक केळीवाले बागायतदार दुकानात येऊन बसले होते. त्यांच्याकडं पाणी होतं, हिरवा चारा होता. घोडीभोवती फिरून, दात बघून ते म्हणाले, "इथं कायले उपाशी मारून राहिले तिला? माझ्याकडं द्या. नातवंडं बसतील, खाऊन-पिऊन राहील."

मालकांचं तोंड उतरलं. आप्पांनी रिकाम्या गव्हाणीकडं बघितलं. मग म्हणाले, "औंदा शिवरात्रीला गुत्तेदारानं गाडीभर कडबा लावलाय म्हणं बक्षीस. मिळाला तर ठेव तुझी घोडी पावसाळ्यापतूर. न्हाई मिळाला तर ह्यांच्याकडं धाडून दे. माझं म्हणणं इतकंच हाय."

झालं. घर, दुकान, गल्ली, सगळ्यांचा जीव त्या गाडीभर कडब्यात अडकला.

जत्रेच्या आदल्या दिवशी मालक सराव करत होते आणि मी झिऱ्यावरून येता येता माळाच्या कडेला टेकले होते. घोडी सुटली, पहिल्या टिपाडाशी आली, वळली आणि थांबली. मालकांनी टाच मारली. ती हलेना. मान खाली घालून टिपाडाच्या मागची माती हुंगत राहिली. तिथं घमेलं नव्हतं. घमेल्यात घालायला पाणी कुठलं? त्यांनी लगाम ओढला, शिव्या दिल्या, शेवटी चाबूक मारला. आयुष्यात पहिल्यांदा मारला असेल. घोडीनं कातडं थरथरवलं आणि पुन्हा नाक टिपाडाच्या बुडाशी नेलं.  जिच्यावर रोज चिडायची तिच्यासाठी रडू यावं, याचाच मला राग आला.

घरी आल्यावर मी म्हटलं, "अहो, तिला तहान लागलीया. पोटभर पाजा, मग पळंल."

"तुला काय कळतंय शर्यतीतलं?" ते म्हणाले. "पाण्यानं पोट जड होतंय. उद्या दुपारपतूर तिला थेंब द्यायचा न्हाई. हलकी ठेवायची."

मी घागर उतरवून चुलीकडं वळले. बोलण्यातही दम जातो, आणि माझ्यात तो शिल्लक नव्हता.

शिवरात्रीच्या पहाटे मी इतर बायकांच्या आधी झिऱ्यावर गेले. उपास होता. आणलेलं पाणी घोडीपुढं ओतलं, परत गेले, परत आणलं, परत गेले. तोवर बायका आल्या होत्या. नंबर सोडा म्हणून विनवण्या केल्या, दोन टोमणे खाल्ले. शेवटच्या खेपेला घोडीनं बादलीत थोडं पाणी उरवलं. दोन उन्हाळ्यांत पहिल्यांदा. ओठांवरून थेंब गळत होते आणि ती शांत उभी होती. मी ठाणातच तिच्याशेजारी भिंतीला टेकून बसले. खांदे असे दुखत होते की पदर सावरायला हात वर होईना.

दुपारी चाचांचा घोडा नेहमीसारखा लांबून वळला. पाटलांच्या घोड्यानं दुसरं टिपाड लाथेनं आडवं केलं. कंपाउंडरचं तट्टू बरं पळालं आणि हेडमास्तरांनी घड्याळाकडं बघून मान डोलावली, तेव्हा आमच्या गल्लीतल्यांची तोंडं पडली. मग आमची घोडी सुटली. पहिलं टिपाड आलं. ती अंग घासून वळली आणि निघाली. थांबली नाही. दुसरं झालं, तिसरं झालं, आणि माळावर जो गलका उठला त्यात हेडमास्तरांनी काय सांगितलं ते ऐकायचं कारणच राहिलं नाही. मालकांना लोकांनी खांद्यावर घेतलं. आप्पासुद्धा हसत होते.

मी बायकांत उभी होते. सगळ्या मला हलवत होत्या, पेढे मागत होत्या. आणि माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती अशी, की घोडी आता राहणार. पावसाळ्यापर्यंत राहणार. कडब्याची सोय झाली होती. पाणी कुणी बक्षिसात लावलं नव्हतं. हे मीच केलं होतं, माझ्याच हातानं. मला तिथंच खाली बसावंसं वाटलं.

संध्याकाळी ओसरीवर माणसं जमली. मालक सांगत होते, "कालपासून थेंब दिला न्हाई तिला. हलकी ठेवली, म्हणून पळाली." सगळे माना डोलावत होते. मी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आले आणि माझा तोंडावरचा ताबा गेला. चारचौघांत मी कधी बोलले नव्हते. म्हटलं, "पहाटे मी पाजलंय तिला, पोटभर. म्हणून पळाली. आता उद्यापासून तिचं पाणी तुम्ही आणा. मी आणणार न्हाई."

 मग कुणीतरी हसलं आणि सगळे हसले. मालकही हसले, पण शब्दाला अडकले. "आणतो की," म्हणाले. "त्यात काय एवढं?"

आणि आणलं त्यांनी, नाही कसं म्हणू? दोन डब्यांची कावड केली. पहिल्या दिवशी गाणं म्हणत गेले. झिऱ्यावर बायकांनी चेष्टा केली तर तीही हसून घेतली. दुसऱ्या दिवशी येताना अर्धं सांडलं. तिसऱ्या दिवशी खांद्याला फडकं बांधलं. त्यानंतर घोडी बादली संपवून फुरफुरली तेव्हा ते तिच्यावर ओरडले, "किती पितीस गं?" मी आत ज्वारी पाखडत होते. हात थांबला माझा.

आठवडा भरायच्या आत ते आप्पांना म्हणाले, "जनावराचे हाल बघवत न्हाईत. केळीवाल्यांकडंच बरी राहील ती." कडबा शेजाऱ्यांच्या बैलांना वाटला आणि स्वतः घोडीवर बसून अर्धापूरला निघाले. वाटेत मुक्काम करत गेले, एसटीनं परत आले. डोळे सुजले होते त्यांचे, ते खोटं नव्हतं. पुढं कितीतरी दिवस दुकानात येणारा माणूस म्हणायचा, काळजावर दगड ठेवला गड्यानं, पण जनावर तहानेनं मरू दिलं नाही. ते मान खाली घालून ऐकायचे.

घोडी गेली त्या दिवशी मी चुलीपुढं बसून ढसाढसा रडले. सासूबाई, आम्ही त्यांना अव्वा म्हणायचो, जवळ येऊन बसल्या. "आता कामून रडायलीस?" त्या म्हणाल्या. "तुझंच ओझं गेलं की."

"दोन उन्हाळे मी पाणी आणलं अव्वा," मी म्हटलं. "तवा ती ह्यांची लाडकी होती. ह्यांनी आठवडाभर आणलं, तर तिचे हाल बघवंनात. माझे हाल कुणाला दिसलेच न्हाईत का?"

 अव्वांनी चुलीतलं लाकूड आत सारलं, धुरानं डोळे पुसले. मग आप्पा ऐकत नाहीत ना म्हणून दाराकडं बघून घेतलं.

"ह्याच्या आधी ह्याच्या बापाचं घोडं होतं," त्या म्हणाल्या. "मरस्तोवर मी पाजलं त्याला. मला न्हाई सुचलं कधी, तुम्ही आणा म्हणायचं."

आणि भाकरी थापायला परात पुढं ओढली.