तात्यांचं मशीनशी वाकडं

कॅन्टीनच्या आचाऱ्याला सगळे तात्या म्हणत. तळणाच्या नव्या मशीनशी तात्यांचं पहिल्या दिवसापासून वाकडं. त्याचा लाल दिवा विझला की ते ओरडत, “झोपला कामचुकार!” आणि बटण आणखी पुढे फिरवत. मग तळण करपे आणि शिव्या मशीनला!

शेवटी मेकॅनिकने कपाळावर हात मारला. “तात्या, तेल हवं तेवढं तापलं की मशीन आपोआप थांबतं. तेल निवलं की पुन्हा सुरू होतं. तुम्ही लुडबुड करू नका.”

घरी येऊन तात्या बायकोला म्हणाले, “तेल तापलं की मशीन आपोआप थांबतं आणि निवलं की पुन्हा सुरू होतं म्हणे! असं कुठे असतं?”

“का नसतं? तुम्ही तापलात की मी गप्प बसतेच ना?”

“ते तू मला घाबरतेस म्हणून.”

“हो का? मग तुम्ही निवलात की पुन्हा सुरू होते, ती कशाने?”