तलावावरचा समुद्रपक्षी

माझ्या मुलीचं लग्न एका पक्ष्यामुळे मोडता मोडता राहिलं. आणि तो पक्षी, पक्षी नव्हताच.

आमची प्रज्ञा पुण्याला नोकरी करते. तिथंच तिला तेजस भेटला. मुलगा शांत, हसतमुख, रत्नागिरीचा. मार्चच्या सुरुवातीला तो आईवडिलांना घेऊन लग्नाची तारीख पक्की करायला अकोल्याला आमच्या घरी मुक्कामी येणार होता. आदल्या दिवशी बायकोनं, म्हणजे सुनंदानं, मला स्वयंपाकघरात बोलावून घेतलं.

"हे पाहा, तारीख ठरेपर्यंत पक्ष्याचं नाव काढू नोका."

"काहून? मी काय वाईट बोलतो?"

"मांगं तो विमा एजंट आलता, त्याले तुमी दिवसभर बगळे दाखवले. बिचारा पॉलिसी न विकता पळाला!"

(विमा एजंट पळून गेला यात आपला तोटा काय झाला, हे मला अजूनही कळलेलं नाही.)

तर मला हा नाद लागला तो गुडघ्यांमुळे. डॉक्टर म्हणाले, रोज चाला. नुसतं चालायचा कंटाळा, म्हणून दुर्बीण घेतली. तेव्हापासून मी चालत नाही, एका जागी उभा राहून पक्षी पाहतो. गुडघे तसेच आहेत.

पाहुणे आले. "जय भीम, जय भीम" झालं, चहा झाला, आणि व्याही खिडकीतून बाहेर पाहत म्हणाले, "छान आहे हो तुमचं अकोला. फक्त समुद्र नाही."

मी हसलो. जेवताना ते म्हणाले, "मासा चांगला झालाय. पण गोड्या पाण्यातला. समुद्र नाही ना." दुपारी ऊन तापलं तर, "वारा खारा हवा. समुद्र नाही ना." मोबाइलची रेंज गेली तेव्हाही ते तेच पुटपुटले असावेत, असा मला दाट संशय आहे! रात्रीच्या जेवणाला त्यांनी पुन्हा समुद्र काढला आणि माझ्यातला वऱ्हाडी माणूस उठून उभा राहिला.

"समुद्र नसंल आमच्याकडं, पण समुद्रावरचे पक्षी येतात!"

सुनंदानं टेबलाखालून माझा पाय जोरात दाबला. म्हणजे तिला वाटलं माझा. "आई गं!" म्हणून ओरडल्या विहीणबाई.

"कोणते पक्षी?" व्याह्यांनी भुवया उंचावल्या.

"कुरव! तुमच्या बंदरावर जे घिरट्या घालतात ना, तेच. उद्या सकाळी दाखवतो!"

झालं. सकाळी सगळ्यांना गाडीत कोंबून मूर्तिजापूरच्या वाटेवरच्या एका तलावावर निघालो. पाणी बरंच आटलेलं, काठाला चिखलाचा रुंद पट्टा, आणि त्यावर पक्ष्यांची नुसती जत्रा! मी सुटलोच. "तो लाल काड्यांवर उभा आहे तो शेकाट्या. शेपटी खालीवर हलवतो तो तुतवार. धावतो, थांबतो, परत धावतो तो चिखल्या. लांब चोचीचा पाणटिवळा. आणि ओरडून राहिली ती टिटवी. हे सगळे आणि समुद्रावरचे कुरव, सुरय एकाच भावकीतले, बरं का!"

"एकाच भावकीतले?" सुनंदा म्हणाली. "मंग इतक्या शांततेत कसे काय जेवून राह्यले?"

"ते ठीक आहे," व्याही म्हणाले. "कुरव कुठं आहे?"

मी दुर्बीण फिरवली. आणि दिसला! दूर, पाण्याच्या कडेला, पांढराशुभ्र, ऐटीत बसलेला!

"तो पाहा कुरव!"

व्याह्यांनी दुर्बीण घेतली. बराच वेळ पाहिलं. "हलत नाही हो."

"आराम करून राह्यला. रशियाकडून येते ते! थकते माणूस!"

"डोकं कुठल्या बाजूला आहे?"

हा प्रश्न मला अपमानास्पद वाटला. मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. "जवळून फोटो काढून आणतो."

"आवो, चिखल आहे!" सुनंदा ओरडली.

"एवढे पक्षी चालून राह्यले त्याच्यावर, त्याअर्थी जमीन पक्कीच आहे!" मी म्हणालो. (चिखल्याचं वजन लिंबाएवढं आणि माझं पोत्याएवढं, हा बारीकसा मुद्दा माझ्या लक्षात आला नाही.)

सुरुवातीची पावलं बरी पडली. मग घोटा गेला. मग गुडघा. कुरव हाताच्या अंतरावर आला तेव्हा मी मांड्यांपर्यंत आत होतो आणि चपला माझ्या आयुष्यातून कायमच्या गेल्या होत्या. इतक्यात वारा आला, कुरव उताणा झाला, आणि माझ्या लक्षात आलं की तो थर्माकोलच्या पेटीचं झाकण आहे.

"काय हो?" काठावरून व्याह्यांची हाक आली. "कुरवच का?"

आता खरं सांगायला काय हरकत होती? पण वऱ्हाडची अब्रू! "कुरवच आहे! झोपेल आहे!"

"थांबा, मी येतो! चिखल आम्हाला नवा नाही!"

आणि हा रत्नागिरीचा माणूस बूट काढून ऐटीत चालत आला आणि थेट माझ्याशेजारी मांड्यांपर्यंत रुतला. त्यांनी झाकणाकडं पाहिलं. मग माझ्याकडं.

"हे थर्माकोल आहे."

"हो."

"मग मला येऊ कशाला दिलंत?"

"सांगणारच होतो."

त्यांनी एक पाय उपसून पाहिला, तो निघाला नाही. मग व्याही अत्यंत थंड आवाजात म्हणाले, "लग्नाचं काय करायचं, ते बाहेर निघालो तर पाहू."

काठावर प्रज्ञा उभी होती, ओढणी तोंडाशी धरून. पोरीचा संसार मी एका झाकणापायी बुडवला होता! काहीतरी बोलावं म्हणून तोंड उघडलं, तेवढ्यात वरून काहीतरी सणसणत आलं आणि व्याह्यांच्या टकलावर टप्प करून आदळलं.

"अयाई गं! काय आहे हे?"

शेजारच्या मातीच्या उंचवट्यावर कुणाचं तरी घरटं असणार. पक्षी वळला, पुन्हा झेपावला, आणि या वेळी माझ्या चष्म्यावर पांढरा शिडकावा करून गेला. पण मी हरखलो! "सुरय! इवाईबुवा, नदी सुरय! कुरवाचा सख्खा चुलतभाऊ! चोच पाहा, कशी पिवळीधमक!"

"चोच दिसली नाही! लागली!"

आम्ही एकमेकांचा आधार घेऊन पाय ओढत होतो आणि आणखी खाली जात होतो. शेवटी विहीणबाईंनी पदर खोचला. त्यांचं माहेर खाडीकाठचं. "पाय ओढू नका!" त्या गरजल्या. "दोघंही आडवे व्हा! लोळत या!"

"लोळत?" व्याही म्हणाले. "मुलाच्या सासरच्यांसमोर?"

"आवो लोळा नं!" सुनंदानं मला फर्मावलं. "घरी सोप्यावर तर बरोबर जमते!"

मग काय! दोन कुटुंबांचे कर्ते पुरुष पोटावर पडून म्हशीसारखे सरपटत निघाले. सुरय वरून टोचत होता. शेकाटे लांब मानेनं पाहत होते. काठावर पोचलो तेव्हा आमच्यात डोळ्यांखेरीज ओळखू येण्यासारखं काही उरलं नव्हतं.

शेजारच्या शेतातल्या मोटारपंपाच्या धारेखाली आम्हाला उभं करून धुतलं. मग व्याह्यांनी टक्कल चोळत हळूच विचारलं, "तो सुरय... तिथं अजून असेल का हो? चोच पिवळी म्हणालात?"

मी काठावर राहिलेली दुर्बीण त्यांच्या हातात दिली. ते ऊन चढेपर्यंत पाहत बसले. मधेच दुर्बीण न काढता म्हणाले, "मे महिन्याची तारीख धरा. लग्न आमच्याकडे." प्रज्ञा आणि तेजसनं एकमेकांकडं पाहिलं आणि मी चष्मा पुसायचं निमित्त केलं.

संध्याकाळी तेजसनं पुण्यातल्या पक्षीनिरीक्षकांच्या एका ग्रुपवर काठावरून काढलेला एक फोटो टाकला आणि ओळख विचारली. लगेच एका जाणकाराचं उत्तर आलं, 'वरचा नदी सुरय, उत्तम नोंद! खाली चिखलात लोळणारी रानडुकरं आहेत, नर आणि मादी.'

तेजसनं ओशाळून फोन माझ्यापुढं धरला. मी फोटो मोठा करून नीट पाहिला आणि खाली लिहिलं, 'दोघंही नर आहेत. त्यातला जाडा मी.'