मासळीबाजारातली मेंबर

नव्वदच्या दशकात बोईसरच्या बाजारात जवळच्याच नवापूर गावची एक मासेवाली बसायची. गावच्या पंचायतीत मेंबर म्हणून निवडून आली, तरी तिनं धंदा सोडला नाही. एकदा तिच्याच गावची एक बाई आली आणि नळाला पाणी नाही म्हणून सगळ्यांदेखत तिला वाट्टेल ते बोलली. हिनं कोयता बाजूला ठेवून सगळं ऐकून घेतलं.

ती बाई गेल्यावर मासळी घेता घेता मी विचारलं, “मावशी, एवढं का ऐकून घेतलंत?”

“मत मागाला मीच तिच्या दारात गेलती. आता ती आली, तर ऐकाला नको?”

मग उरलेली मासळी शेजारणीवर सोपवून ती पालघरच्या पंचायत समितीत जायला एसटीकडे निघाली. पुढच्या आठवड्यात नळाला पाणी आलं.

आजही एखाद्या साहेबाच्या दाराबाहेर ताटकळताना मला ओले हात पदराला पुसत घाईनं निघालेली ती आठवते.